साठ अंशांवर

या घरात बिनचूक असं मी काहीच विणलेलं नाही,
हे आधीच सांगून टाकते.
हानुसच्या मोज्यांची जोडी सख्खी नाही, चुलत आहे.
सोफ्याच्या पाठीवरची शाल
सुरू झाली होती पलंगपोस म्हणून.
आणि डाव्या बाह्या नेहमी चार बोटं लांब:
डावी बाही मी वादळात विणते,
फेरीबोट सुटत नाही, मासळीचा कारखाना बंद,
हात काही थांबायचं नाव घेत नाहीत.

गुरुवारी मार्युनकडे आम्ही सहाजणी.
टाके कमी, केक जास्त.
कुणाची सून, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन,
सगळं या सुईवरून त्या सुईवर.
मार्युन न बघता विणते.
मी बघून चुकते.

होग्नीचा स्वेटर मात्र मनावर घेतला होता.
लोकर दिराच्या मेंढ्यांची, करडी आणि काळी,
छातीवर चांदण्यांची ओळ,
दर चांदणीला आठ टोकं.
ऑर्हूसला आपल्याइतका वारा नसतो म्हणे.
नसेना का.

पाचव्या चांदणीवर होते तेव्हा त्याचा फोन आला.
मी मोजत होते. चौसष्ट, पासष्ट,
हं, बोल, सहासष्ट,
"आई, मी कॉलेज सोडलं. जानेवारीतच."
सदुसष्ट.
"एका बेकरीत लागलोय. पहाटे तीनला उठतो."
सदुसष्ट.
"ऐकतेयस ना?"
सदुसष्ट.

त्या चांदणीला सातच टोकं झाली.
दुसऱ्या दिवशी उजेडात दिसलं.
फक्त चौदा ओळी उसवायच्या होत्या,
याहून कितीतरी जास्त उसवलंय मी, याहून फालतू कारणांसाठी.
सुई उचलली.
खाली ठेवली.
तसाच पुरा केला, तसाच पाठवला.

एप्रिलमध्ये पार्सल परत.
आत चिठ्ठी: "मशीन साठ अंशांवर होतं, माझ्या लक्षातच"
पुढे वाक्य नव्हतं.
स्वेटर होता, दोन वर्षांच्या पोराच्या मापाचा,
घोंगडीसारखा घट्ट.
हानुस हसला,
मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

मे महिन्यात दिराची एक मेंढी व्यायली आणि गेली.
कोकरू आमच्या कपडे धुवायच्या खोलीत,
बाटलीवर, थरथरत.
मी कुणाला विचारलं नाही.
पुढचे दोन पाय बाह्यांतून घातले.
डावी बाही लोळत होती, अर्थातच.
मेंढीची लोकर, मेंढीच्या नातवावर.
तीन आठवडे ते क्लाक्सविकच्या उतारावर
सात टोकांची चांदणी मिरवत फिरलं.
शाळेची बस त्याच्यासाठी हळू व्हायची.

ऑक्टोबरात काय होतं
ते या बेटांवर कुणी कुणाला समजावत नाही.
दारात उभा राहून त्रोंदूर म्हणाला, "वहिनी, याचं काय?"
"इतरांचं तेच," मी म्हणाले,
आणि भांडी घासायला घेतली,
घासलेलीच.

नाताळात होग्नी आला.
मनगटांवर भट्टीचे चटके,
बगलेत स्वतः भाजलेला पाव, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
ताटात मटण त्याने दोनदा वाढून घेतलं.
मी बटाटे खाल्ले.

रात्री खिळ्यावरचा स्वेटर त्याने ओळखला.
आटलेली वीण उसवता येत नाही, एक प्रकारे बरंच आहे.
ओळीवरून अंगठा फिरवत गेला,
पाचवीपाशी थांबला.
"इथं चुकलंय."
"हो. तेव्हा तू बोलत होतास."
बराच वेळ तो गप्प.
मग बाही नाकाशी नेली, डावी,
"आई, याला मेंढीचा वास कसा?"

पाव काप, मी म्हणाले.
जाड काप जरा.